मालवणची सर्टिफाइड डाइव्ह ट्रिप सांगलीहून: गाईडला पाच स्टार, काउंटरला दोन, आणि घाटाचं कुणी सांगत नाही

सुरुवात फोनपासून करतो म्हणजे अंदाज येईल. मी विचारलं, दादा आम्ही दोघं सर्टिफाइड डायव्हर आहोत, ओपन वॉटरचा कोर्स झालाय, शनिवारी दोन फन डाइव्ह करायच्यात, निवती रॉकला तुमची बोट जाते का. पलीकडून उत्तर, "हो सर सर्टिफिकेट देतो की आम्ही, व्हिडिओ फ्री, फोटो फ्री, पॅरासेलिंग आणि बनाना घेतलं तर पॅकेजमध्ये बसवतो." म्हटलं सर्टिफिकेट नकोय, ते आहे आमच्याकडं. जरा वेळ शांतता, मग म्हणतोय, "मग परत कशाला करताय?"

त्याचं पण बरोबर आहे म्हणा. मालवणला स्कुबा म्हणजे नव्व्याण्णव माणसं ट्राय डाइव्हला येतात, पोहता येत नसलं तरी चालतं, मागून एकजण तुमचा टँक धरून वीस-पंचवीस फुटावर फिरवून आणतो, माशांबरोबर व्हिडिओ होतो, वर आलं की हातात एक कागद. त्यात वाईट काही नाही, माझ्या आत्याने साठीत केलंय. पण कार्ड असलेल्या माणसाचं काम वेगळं असतं, आपला गिअर आपण जोडायचा, आपली हवा आपण बघायची, सोबत बडी म्हणजे पाण्यातला जोडीदार, गाईड फक्त वाट दाखवायला. असल्या लोकांसाठी वेगळी ट्रिप चालवणारे थोडे आहेत आणि त्यांना फोनवर गाठणं ही पहिली डाइव्ह. चौथ्या फोनला एकाने विचारलं "शेवटची डाइव्ह कधी केली होती?" तिथंच बुक केलं. हा प्रश्न ज्याला सुचतो त्याच्याकडं जायचं, बाकी रेटिंग वगैरे सोडा.

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण खाली कौतुक पण आहे आणि तक्रार पण आहे, आणि माणसं लहान आहेत, आठ महिन्यांच्या सीझनवर त्यांचं वर्ष निघतं. मला इनबॉक्समध्ये नाव मागू नका.

आम्ही म्हणजे मी विश्रामबागचा, आणि माझा जोडीदार तासगावकडचा द्राक्षबागायतदार. दोघं पोहायला शिकलो ते विहिरीत, पांगिऱ्याचा बिंडा कमरेला बांधून, काकाने वरून ढकलून दिल्यावर. दोन वर्षांपूर्वी अंदमानला कोर्स केला, चार दिवस, १८ मीटरपर्यंतचं कार्ड. नंतर गाडं तिथंच अडकलं, कारण दर वेळी अंदमानला कोण जाणार. मालवण आम्हाला पाच-साडेपाच तासांवर, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूचं ऐकलेलं, एकजण म्हणतो पाण्यात हात दिसत नाही, दुसरा म्हणतो लई भारी. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जाऊन बघून आलो.

शुक्रवारी चारला निघालो, कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण. रात्री साडेनऊला खोलीवर. प्लॅन साधा, शनिवारी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी जेवण, संध्याकाळी परत, रात्री उशिरा घरी. जोडीदाराची रविवारी सकाळी बागेत फवारणी होती त्यामुळं मुक्काम नको म्हणजे नकोच.

शनिवारी साडेसातची वेळ दिलेली. साडेसातला दुकानात फक्त आम्ही आणि एक मांजर. आठला एकजण आला, आमचे कार्ड बघितले, लॉगबुक बघितलं, हेल्थचा फॉर्म भरून घेतला, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का वगैरे, इथवर चांगलं. मग मालक आले आणि पैशाचं सुरू झालं. फोनवर माणशी साडेपाच हजार सगळं धरून ठरलेलं, आता म्हणे बोट लांब जाते म्हणून डिझेलचे पाचशे वेगळे. मी मेसेज दाखवला तेव्हा "बरं बरं, तुमच्यासाठी म्हणून". आमच्यासाठी म्हणून काय, ठरलेलंच होतं ना ते. या घोळात नऊ वाजले. ज्यांना लाटांचा त्रास होतो त्यांनी हे लक्षात ठेवा की इकडं सकाळी दर्या शांत असतो आणि अकरानंतर वारा उठतो, त्यामुळं काउंटरवर वाया गेलेला तास नंतर पाण्यात वसूल होतो. आमचा झाला, सांगतो.

गिअर मध्यम. वेटसूट तीन एमएमचे, माझ्या सूटची चेन अर्ध्यात अडकत होती, बीसीडी, म्हणजे तरंगायला हवा भरतात ते जॅकेट, जुनी पण हवा धरत होती, ती आम्ही फुगवून पाच मिनिटं ठेवून बघितली. रेग्युलेटरचा, म्हणजे श्वास घ्यायच्या नळीचा, माऊथपीस माझा चावून-चावून अर्धा झालेला, म्हटलं बदला, लगेच बदलून दिला, कटकट नाही. सिलिंडरमधल्या हवेचा दाब एकात १९० बार, दुसऱ्यात १७०. पूर्ण भरलेला म्हणजे २०० पाहिजे. १७०वाला परत केला. दुसरा मिळाला पण तोंड वाकडं करून.

आणि इथंच ती गोष्ट झाली. जोडीदार बोटीत बसून रेग्युलेटर तोंडात घेऊन चार श्वास घेत होता, गेजकडं बघत. मधेच थांबला आणि मला म्हणाला, "लका, काटा नाचतोय बघ." मी बघितलं, श्वास घेतला की काटा खाली पडतोय, सोडला की परत वर. मला काही कळलं नाही, मी म्हणणार होतो गेज जुना असेल. हा म्हणाला, "आमच्या फवारणीच्या पंपाला असलं होतं कॉक पूर्ण उघडला नसला की." गाईडने मागं हात घालून सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवला, आणि खरंच, तो जेमतेम थोडासा उघडलेला होता. वर बोटीत हवा पुरते, खाली १० मीटरवर दाब दुप्पट होतो, एका श्वासाला दुप्पट हवा लागते, तिथं अर्ध्या उघड्या व्हॉल्व्हमधून ती आली नसती तर काय झालं असतं याचा विचार मी मुद्दाम करत नाही. हे कोर्समध्ये शिकवलेलं आहे, गेजकडं बघत श्वास घ्या म्हणून, पण मी दोन वर्षांत विसरलेलो आणि द्राक्षवाल्याला पंपामुळं आठवलं. गाईडचा चेहरा उतरला. त्याने ज्या पोराने टँक जोडलेला त्याला काही सुनावलं नाही, फक्त बोटीतल्या सगळ्या टँकचे व्हॉल्व्ह स्वतः एकेक तपासले. ते मला आवडलं.

या गाईडबद्दल सविस्तर लिहिणार आहे कारण ट्रिपचे पैसे त्याच्यामुळंच वसूल झाले. पस्तिशीचा असेल, घरचा धंदा मासेमारीचा, पावसाळ्याचे चार महिने डायव्हिंग बंद असतं तेव्हा शेती बघतो. बोट निघाल्यावर त्याने पहिलं काय विचारलं तर, "खंयसून इलास?" म्हटलं सांगली. "म्हणजे घाटावरचे. परत कधी जातलास?" आज रात्रीच. त्याने हातातला दोर खाली ठेवला. "दोन डाइव्ह करून आज रात्री घाट चढूचो नाय. रवा हंयच."

आता हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, आणि तीच लाजेची गोष्ट आहे. कोर्सच्या पुस्तकात वाचलंय, परीक्षेत बरोबर उत्तर पण लिहिलंय, एका डाइव्हनंतर कमीत कमी १२ तास आणि एकापेक्षा जास्त केल्या तर १८ तास विमानात बसायचं नाही. पण डोक्यात ते विमान म्हणूनच बसलेलं. सांगलीकराला विमानाचा काय संबंध, कवलापूरचं विमानतळ होणार होणार हे ऐकत आमचे केस पिकले. घाट म्हणजे उंची हे सुचलंच नाही. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात-मांसात मुरतो, वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण तो निघायच्या आत बाहेरचा दाब अजून कमी केला तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं आत बुडबुडे होऊ शकतात, सांधे दुखण्यापासून पार लकव्यापर्यंत काहीही. विमान हे त्याचं एक निमित्त, घाट हे दुसरं. डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वर गेलं की उंची धरायची असते. गगनबावडा सहा-सातशे मीटर. आणि खरी गंमत म्हणजे घाट उतरून सुटका होत नाही आम्हाला, कारण सांगलीच साडेपाचशे मीटरवर आहे, कोल्हापूर तसंच, सातारकरांचं तर अजून वर. गोव्याचा किंवा मुंबईचा माणूस डाइव्ह करून समुद्राकाठानं घरी जातो. आपण घरी जातो म्हणजे वर जातो.

मी त्याला म्हटलं, गाडी म्हणजे काय विमान नाही, इतकं कडक असतं का. तर म्हणाला, विमानाइतकं नसेल, पण त्यासाठी तक्ते असतात, किती खोल गेलात, किती वेळ, किती उंच जाणार त्याप्रमाणे तास निघतात, आणि ते तक्ते बोटीत बसून सोडवण्यापेक्षा एक रात्र राहिलेलं स्वस्त. नंतर म्हणाला, आठवड्याला घाटावरचे डायव्हर येतात आणि कुणी विचारत नाही, आणि दुकानात पण कुणी सांगत नाही कारण ट्रिपचं नाव "डे ट्रिप" आहे. हे त्याने मालकाच्या बोटीत बसून सांगितलं.

जोडीदाराने तिथंच रेंज येईतोवर फोन वर धरून गड्याला फोन लावला, फवारणी सकाळी करू नको, मी दुपारी येतोय. मग घरी फोन. तो संवाद लिहीत नाही.

निवती रॉक म्हणजे समुद्रात मधेच उभे खडक, एकावर दीपस्तंभ, वेंगुर्ला रॉक पण म्हणतात त्याला. खडकात गुहा आहेत आणि त्यात पाकोळ्यांची वसाहत, बोट जवळ गेली की नुसता चिवचिवाट आणि वासही. तास-सव्वा तास लागला. त्या वेळात त्याने पाटीवर चित्र काढून ब्रीफिंग दिलं. कुठून उतरायचं, प्रवाह कुठल्या बाजूने, १०० बार झाले की मला दाखवा, ७०ला वर निघायचं, बोटीत येताना ५० शिल्लक पाहिजेत, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबणं, चुकामूक झाली तर एक मिनिट शोधा आणि वर या. वजनं सहा-सहा किलो, ती पण आधी पाण्यात उतरवून तपासली, कारण गोड्या पाण्यात सराव केलेला माणूस खाऱ्या पाण्यात जास्त तरंगतो. कृष्णेत जो दगडासारखा बुडतो तो इथं बुचासारखा वर येतो. आमचं तेच झालं, एकेक किलो वाढवावं लागलं.

पहिली डाइव्ह. मागं कोलांटी, नांगराच्या दोराने खाली, मीटर-मीटरला कान उघडत. पाणी हिरवं. पहिले दोन मीटर मला वाटलं गेले पैसे, पण सहाच्या खाली गेलं की साफ झालं, पाच-सहा मीटर स्पष्ट दिसत होतं. अंदमानशी तुलना करायची असेल तर जाऊच नका, तिथं वीस मीटर दिसतं. इथं सगळं जवळून बघावं लागतं, आणि एकदा ती सवय लागली की मजा येते, कारण प्रत्येक गोष्ट धुक्यातून अचानक पुढं येते. खडकाच्या भिंतीला लागून गेलो. गोलगोल मोठाले प्रवाळाचे गोळे, मधे पानासारखे थर असलेले पिवळट प्रवाळ, त्यात फुलपाखरू मासे जोडी-जोडीने. गाईडने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली, लायनफिश, खडकाच्या खाली उलटा टांगलेला, पंखे पसरून, अजिबात हलत नव्हता. पुढं एक गोबरा, चांगला हातभर, आमच्याकडं बघून तोंड उघडं ठेवून बसलेला, एखाद्या बँकेतल्या कॅशियरसारखा. वाळूत एक पाकट, म्हणजे आधी फक्त दोन डोळे दिसले, मग शेपटी, मग लक्षात आलं की मधलं सगळं तेच आहे.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पोपट मासा प्रवाळ खातो त्याचा आवाज येतो. स्वच्छ ऐकू येतो, कुर्रम कुर्रम, शेजारी बसून कुणी भडंग खातंय तसा. मी श्वास रोखून ऐकायला लागलो आणि लगेच आठवलं की श्वास रोखायचा नसतो, हा पहिला नियम.

मधे एके ठिकाणी फाटकं जाळं खडकाला गुंडाळलेलं. गाईड थांबला, पोटरीचा चाकू काढला, आम्हाला हाताने "थांबा" केलं. जाळ्यात एक शेवंड म्हणजे लॉबस्टर अडकलेली, मिशा तुटलेल्या, पण पाय हलत होते. त्याने एकेक धागा कापला, घाई नाही, मला वाटतं तीन-चार मिनिटं तरी. सुटल्यावर ती शेवंड मागं-मागं सरकत कपारीत गेली. मालवणात शेवंडीचा भाव काय आहे तुम्हाला माहीत असेल, आणि याच्या घरचा धंदाच तो. जाळ्याचा गोळा करून त्याने बीसीडीला अडकवून वर आणला. वर आल्यावर मी विचारलं तर म्हणे, "थंय जाळ्यात मेलेली कोणाच्याच कामाची नाय."

जोडीदाराने एक घोळ घातला तो पण सांगून टाकतो. गाईडने ओके का विचारलं तर याने आनंदात अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". गाईड लगेच त्याच्याजवळ, काय झालं, हवा बघतोय, डोळे बघतोय, हा परत अंगठा. असं तीन वेळा. शेवटी याला सुचलं आणि बोटांचा गोल केला. नवीन लोकांनी घरी आरशासमोर प्रॅक्टिस करा, खरंच.

वर आल्यावर घड्याळ बघितलं, ३८ मिनिटं, सगळ्यात खोल १२.२ मीटर. जोडीदार म्हणाला फुटात सांग. चाळीस फूट. दोघं एकदम हसलो, कारण सांगलीच्या माणसाला चाळीस फूट म्हटलं की एकच आठवतं, आयर्विन पुलाची इशारा पातळी. पंचेचाळीस म्हणजे धोका. दर पावसाळ्यात रात्री उठून मोबाईलवर तेच आकडे बघतो आपण. आयुष्यात पहिल्यांदा चाळीस फूट पाणी आणि पोटात गोळा नाही.

बोटीत केळी, चहा, आणि आम्ही सोबत नेलेलं भडंग, ते बोटवाल्याला इतकं आवडलं की अर्धी पिशवी त्यानेच संपवली. गप्पा नौदलाच्या गुलदार जहाजाच्या चालल्या होत्या, ते निवतीजवळ पाण्याखाली म्युझियम म्हणून ठेवायचं ठरलंय, सगळ्यांना त्याची आस लागलीय कारण मग सर्टिफाइड लोक जास्त येतील. तोवर सव्वाअकरा वाजले आणि वारा उठला. बोट डोलायला लागली, जोडीदार कडेला जाऊन सकाळचे पोहे माशांना देऊन आला. ओकारीची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, बोटीत घेऊन उपयोग नाही. बोटवाला म्हणाला खडकाच्या पलीकडच्या बाजूला आता नाय जमणार. गाईडने पण मान हलवली. यात माझी तक्रार शून्य, समुद्रावर त्यांचं ऐकायचं. पण साडेसातला निघालो असतो तर दुसरी डाइव्ह पण इथंच झाली असती, पाचशे रुपयांच्या डिझेलच्या घासाघिशीत ती गेली.

दुसरी डाइव्ह कुठं, तर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. जिथं सगळ्यांच्या ट्राय डाइव्ह चालतात तिथं. महाराजांनी १६६४ला ज्या किल्ल्याचं काम सुरू केलं त्याच्या तटाखाली मी डाइव्ह करतोय या विचाराने एक मिनिट अंगावर काटा आला, पुढचं मिनिट समोर बघितलं. वीसेक बोटी, गाणी, मोटारींचा आवाज पाण्याखाली पण घरघर घरघर. खोली सात मीटर, वाळू ढवळलेली, दोन-तीन मीटरच्या पुढं काही नाही. कुणाच्या तरी फिनची लाथ जोडीदाराच्या मास्कवर बसली. आणि ब्रेड. ट्राय डाइव्हवाल्यांचे लोक बाटलीत ब्रेड-बिस्किट घालून खाली आणतात, बाटली दाबली की पट्ट्यापट्ट्याच्या माशांचा थवा चेहऱ्यावर, व्हिडिओ मस्त येतो. पण ते मासे आता इतके सोकावलेत की आपण नुसतं बोट पुढं केलं तरी चावायला येतात. माझ्या करंगळीला चावलाय एक, दुखत नाही पण कसंतरी वाटतं, देवळाबाहेरच्या माकडांसारखं. आणि नांगर पडून-पडून फुटलेलं प्रवाळ, पांढऱ्या तुकड्यांचा खच. मालवणला सागरी अभयारण्य १९८७ला जाहीर झालंय, कागदावर. आमच्या गाईडने ब्रेड आणला नव्हता, आणि दुसऱ्याच्या पोराला पाण्याखाली हाताने खूण करून रागावला पण, त्याने बहुतेक ऐकलं नाही.

पंचवीस मिनिटांत आम्हीच वर चला म्हटलं, या वेळी अंगठा बरोबर केला. एक वाजलेला. आणि बोटीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या असल्या पंचवीस मिनिटांच्या गढूळ डाइव्हमुळं आमची एकाची दोन झाली आणि बाराचे अठरा तास झाले. पहिलीवरच थांबलो असतो तर पावणेअकरापासून बारा तास धरून रात्री अकराला घाट लागला असता आणि पहाटे बागेत. दुकानाने निघायच्या आधी एवढंच विचारायला पाहिजे होतं, वारा उठला तर दुसरी किल्ल्याजवळ होईल, चालेल का, का नको. मी नको म्हटलं असतं.

हेच काउंटरवर बोललो. जागा बदलली तर दुसऱ्या डाइव्हचे काही पैसे परत करा, आम्ही रॉकचे पैसे दिलेत. मालक म्हणाले, "समुद्र काय आमच्या हातात आहे?" म्हटलं समुद्र नाही, साडेसात तरी आहेत ना. त्यावर उत्तर नाही. पैसे नाहीच मिळाले, एक टोपी मिळाली. टोपीवर पॅरासेलिंगचं चित्र आहे. गाईडला आम्ही वेगळे दिले, हातात, ते तुम्ही पण द्या.

रात्री खानावळीत सुरमई थाळी, सोलकढी दोन-दोन वाट्या. माझ्या डाइव्ह घड्याळावर बारीक विमानाचं चित्र येतं, म्हणजे अजून उडू नका. ते पूर्ण संध्याकाळ तसंच. जेवताना बघतोय, विमान. झोपताना बघतोय, विमान. जोडीदार म्हणाला सांगलीकराला एवढा वेळ विमान कधी दिसलं नव्हतं. दर घड्याळाचा हिशोब वेगळा असतो म्हणे, आम्ही त्याच्यावर पण न राहता सरळ अठरा तास मोजले, सकाळी सात. सातच्या आधीच चित्र गेलेलं. तरी घावणे-चहा करून आठला निघालो, करूळ घाटात प्रत्येक वळणाला हा विचारतोय, खांदा दुखतोय का, गुडघा दुखतोय का, आणि माझा खांदा खरंच दुखत होता, पण तो टँक उचलून. गगनबावड्याला थांबून चहा घेतला, काही झालं नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, फोनवर तीन गोष्टी विचारा, बोट किती वाजता सुटणार, वारा आला तर दुसरी डाइव्ह कुठं, आणि नुसती एक डाइव्ह घेतली तर किती. शेवटची डाइव्ह वर्षापूर्वीची असेल तर आधी रिफ्रेशर करा, तारकर्लीला एमटीडीसीचं ट्रेनिंग सेंटर पण आहे. स्वतःचा मास्क न्या, भाड्याच्यात दुसऱ्याचा शाम्पू असतो. बाकी गोळी, टॉवेल, रोख पैसे. बायकापोरांना घेऊन जात असाल तर ते किल्ला बघतील, त्यांचा दिवस तुमच्यापेक्षा चांगला जाईल.

स्टार मोजायचे तर मधले साडेतीन होतात, पण तसं लिहिणं खोटं, कारण गाईडचे पाच आणि दुकानाचे दोन एकत्र करून काही अर्थ निघत नाही. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही परत चाललोय, त्याच गाईडकडं, फक्त रॉकची एक डाइव्ह, साडेसहाची बोट असं त्याच्याशी थेट बोलून ठरवलंय. गाडीत एक जागा आहे, कार्ड पाहिजे, भडंग प्रत्येकाने आपापलं आणायचं, आणि रात्री मुक्काम आहे हे घरी आधीच सांगून ठेवा.